देवळाच्या दारातील मानसशास्त्रज्ञ

मनाचे दुखणे प्रथम कोणाच्या दारी जाते? आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही. घरातले माणूस रात्र रात्र जागू लागले, एकटेच बोलू लागले, भरल्या ताटावरून उठून जाऊ लागले, की वडीलधारी माणसे आधी दृष्ट काढतात, मग देवाला कौल लावतात, मग कोणी सांगेल त्या देवळात किंवा दर्ग्यात त्याला नेऊन ठेवतात. गाठीचे पैसे सरले, उसनवारी झाली, मजुरी बुडाली आणि धीरही खचला, म्हणजे मग इस्पितळाचे नाव निघते. सुशिक्षित आणि सुखवस्तू घरांतही क्रम पुष्कळदा हाच असतो. फक्त तेथे तो लवकर आटोपतो, कारण गाडीभाड्याची आणि डॉक्टरांच्या फीची विवंचना नसते. गरिबाच्या घरी मात्र या क्रमात वर्षे निघून जातात.

श्रोतेहो, आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते या क्रमाविषयी आणि त्यातून निघणाऱ्या एका प्रश्नाविषयी. मनावर उपचार करणाऱ्या माणसाला आपण शिकवतो कोठे, आणि त्याने वस्तुतः शिकावयास हवे कोठे?

नोकरीच्या निमित्ताने माझा मुक्काम चेन्नईत असल्यामुळे माझी उदाहरणे बहुतेक तामिळनाडूतील आहेत. त्याला दुसरेही कारण आहे. मनोरुग्णांच्या सेवेची एवढी जुनी आणि भरघोस परंपरा असलेली शहरे आपल्याकडे फार नाहीत. येथील मनोरुग्णालयाचा आरंभ १७९४ मध्ये झाला आणि १८७१ पासून ते किल्पॉक या भागात आहे. भारतातील पहिल्या स्त्री-मनोविकारतज्ज्ञ म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या डॉ. शारदा मेनन दीर्घकाळ या रुग्णालयाच्या अधीक्षक होत्या; निवृत्तीनंतर १९८४ मध्ये त्यांनी 'स्कार्फ' ही छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था उभी केली. आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी 'स्नेहा' १९८६ मध्ये निघाली. रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी १९९३ मध्ये 'द बॅन्यन' ही संस्था काढली. विद्यापीठ आहे, समाजकार्याची महाविद्यालये आहेत, तज्ज्ञ आहेत. आणि तरीही या राज्यातील खेडूत आपल्या वेड्या झालेल्या मुलाला घेऊन निघतो तो पुष्कळदा किल्पॉककडे नव्हे, तर एर्वाडीकडे किंवा गुणशीलमकडे निघतो.

हे केवळ तामिळनाडूचे वैशिष्ट्य नव्हे. २०१५-१६ मध्ये देशात मानसिक आरोग्याची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने पीडलेले आढळले. आणि विकाराच्या प्रकारानुसार त्यांतील ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत लोकांना उपचार मिळत नव्हते. येथे 'उपचार' या शब्दाचा अर्थ अर्थातच वैद्यकीय उपचार. या लोकांपैकी कितीजण देवळाच्या ओवरीत बसलेले होते, हे अशा कोष्टकात दिसत नसते.

एर्वाडी हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. रामनाथपुरम जिल्ह्यात समुद्राजवळ हे गाव आहे. तेथील दर्गा फार प्रसिद्ध असून मनाची व्याधी तेथे बरी होते अशी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्वांचीच श्रद्धा आहे. लोक महिनोन्महिने मुक्काम करीत. या मुक्कामासाठी दर्ग्याच्या आसपास खाजगी 'आश्रम' निघाले. घरचे लोक रुग्णाला तेथे ठेवून, पैसे भरून गावी परत जात. आणि रुग्ण पळून जाऊ नये म्हणून चालक त्याला साखळीने बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशाच एका आश्रमाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपडीला आग लागली. आतील माणसे बांधलेली होती. २८ जण मृत्युमुखी पडले.

दर्गा आणि हे आश्रम एक नव्हेत, हे येथे सांगणे न्यायाचे होईल. आश्रम हा धंदा होता. श्रद्धेच्या आडोशाने वाढलेला, परंतु धंदाच. तथापि देशाला बसलेला धक्का एवढा मोठा होता की असा भेद करण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. सरकारने ते आश्रम बंद केले. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण आपण होऊन हाती घेतले आणि २००२ मध्ये केंद्र व राज्य सरकारांना जे आदेश दिले, त्यांत एक असा होता की मनोरुग्णाला साखळीने बांधणे बेकायदा आहे, आणि त्याला देवळात किंवा दर्ग्यात न पाठवता डॉक्टरकडे पाठवले पाहिजे, हे लोकांना, विशेषतः खेड्यापाड्यांतील लोकांना, समजावून सांगावे.

आदेशाचा पहिला भाग निर्विवाद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही कोणत्याही स्वरूपात साखळी घालण्यास पूर्ण मनाई केली आहे. दुसऱ्या भागाचे काय झाले? लोक देवळात जावयाचे थांबले नाहीत. आणि गंमत अशी, की डॉक्टरच देवळाकडे जाऊ लागले.

याचा पहिला ठळक प्रयोग गुजरातेत झाला. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. पिशाच्चबाधा झालेल्यांना तेथे दूरदूरहून आणतात. तेथे २००८ च्या सुमारास एका स्वयंसेवी संस्थेने, सरकारच्या सहकार्याने, 'दवा-दुवा' नावाचा उपक्रम सुरू केला. दर्ग्यातील मुजावरांना मनोविकारांची लक्षणे ओळखावयास शिकवले. मुजावर दुवा देतो आणि त्याच श्वासात सांगतो, की आता त्या खोलीत डॉक्टर बसले आहेत, त्यांनाही भेटून या. पुढे याच धर्तीवर एर्वाडीतही दर्ग्याच्या आवारात सरकारी मानसोपचार केंद्र सुरू झाले. जेथे २८ माणसे गेली त्याच गावात आज औषधे मिळतात. तिरुचिरापल्लीजवळ गुणशीलम येथे प्रसन्न वेंकटाचलपतीच्या मंदिरात ४८ दिवसांचे 'मंडल' पाळण्यासाठी मनोरुग्णांना घेऊन येण्याची जुनी चाल आहे. तेथेही आता पुनर्वसन केंद्र आहे.

यावर बुद्धिवादी श्रोत्यांच्या मनात जी शंका येईल ती मला कळते. देवळाच्या आवारात दवाखाना काढला, म्हणजे अंधश्रद्धेला सरकारी शिक्का मिळाला, असे नव्हे काय? शंका रास्त आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. तिचे उत्तर मला सापडते ते आपल्या महाराष्ट्राच्याच कायद्यात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी अनेक वर्षे झुंज दिली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यानंतर जो अस्तित्वात आला, तो जादूटोणाविरोधी कायदा काढून वाचावा. भूत उतरवण्याच्या मिषाने माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, त्याला मारहाण करणे हा त्यात गुन्हा आहे. साप किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. परंतु वारी, प्रदक्षिणा, यात्रा, पूजाअर्चा यांना तो कायदा हात लावीत नाही. म्हणजे कायद्याने रेषा ओढली आहे ती श्रद्धेवर नव्हे, साखळीवर आणि औषधाच्या आड येण्यावर. देवळाच्या दारात बसणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला याहून निराळी रेषा ओढण्याचे कारण नाही.

आता शास्त्राची बाजू. २००० साली बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतील एका खेड्यातल्या मुथुस्वामी मंदिराचा अभ्यास केला. उपचारासाठी राहावयास आलेल्या ३१ जणांची त्यांनी येताना आणि जाताना तपासणी केली. त्यांतील बहुतेक छिन्नमनस्कतेसारख्या तीव्र विकारांचे रुग्ण होते. त्यांना तेथे कोणतेही औषध दिले जात नव्हते. मारहाण नाही, उतारा नाही, कसलाही खास विधी नाही. सकाळची पूजा, आवारातील झाडलोट, झाडांना पाणी घालणे, जवळ घरचे माणूस, आणि कोणी हिडीसफिडीस न करणारी वस्ती. काही आठवड्यांच्या मुक्कामानंतर त्यांच्या लक्षणांत सुमारे २० टक्के उतार दिसला. हा अहवाल २००२ मध्ये ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि अपेक्षेप्रमाणे त्यावर वादही झाला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, घरी गेल्यावर पुढे काय झाले याचा मागोवा नव्हता. हे आक्षेप खरेच आहेत. देवाने बरे केले असे त्या अहवालात कोठेही म्हटलेले नाही. अभ्यासकांनी श्रेय दिले ते आधार देणाऱ्या, धाक नसलेल्या वातावरणाला. आणि घरच्या माणसाचे महत्त्व तर वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने फार पूर्वीच ओळखले होते. तेथील मानसिक आरोग्य केंद्र १९५७ मध्ये बागायम येथे निघाले तेव्हापासून रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबियांनीही राहावे असा प्रघात आहे.

एकीकडे मुथुस्वामीचे मंदिर आणि दुसरीकडे एर्वाडीची ती झोपडी. दोन्ही स्थळे श्रद्धेचीच. या दोहोंतील फरक ओळखावयाचा कोणी? तो मुजावर ओळखील असे नाही, पुजारी ओळखील असे नाही. रुग्णाचा बाप तर गांजलेला असतो, तो ज्याच्या हाती मूल देतो त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. आणि आठवड्यातून एकदा येऊन दोनशे चिठ्ठ्या लिहिणाऱ्या डॉक्टरला तेवढी फुरसद नसते. हे काम मानसशास्त्रज्ञाचे आहे. परंतु त्याचे शिक्षण त्याला या कामासाठी तयार करते काय?

आपल्याकडे चिकित्सक मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण घ्यावे लागत आले आहे. पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षे मोठ्या मनोरुग्णालयात उमेदवारी करावी लागे. शिक्षण कसून होते यात शंका नाही. पण ते बहुतांशी इंग्रजीतून होते, आणि रुग्ण समोर येतो तो इस्पितळाची पायरी चढून, म्हणजे आपले दुखणे 'आजार' आहे हे निदान तोंडदेखले तरी कबूल करून आलेला. देवळातला रुग्ण असे काहीच कबूल करून आलेला नसतो. त्याला पेय् लागलेले असते. 'पेय्' म्हणजे भूत. 'सेय्विनै' म्हणजे आपली करणी. ही तामिळ भाषेतील शब्दांची जोडी चेन्नईतल्या कोणत्याही कामवालीला ठाऊक असते. उमेदवार मानसशास्त्रज्ञाच्या छापील प्रश्नावलीत तिला जागा नसते. मराठीतही तोच प्रकार आहे. 'बाहेरची बाधा', 'वारे येणे', 'जीव घाबरा होणे', 'डोक्यात मुंग्या येणे' यांपैकी कोणता शब्द निव्वळ उदासीनतेचा, कोणता फेफऱ्याचा, कोणता खऱ्याखुऱ्या भ्रमाचा, हे कोणत्या ग्रंथात लिहून ठेवलेले आहे? ते माणसांत बसून ऐकावे लागते.

अंगात येण्याचेच उदाहरण घेऊ. घरात जिला 'अगं' म्हणूनही कोणी धड हाक मारीत नाही, अशी सून घुमू लागते. तिच्या तोंडून देवी बोलते. ज्या सासूपुढे तिची मान वर होत नाही तीच सासू तिच्या पायांवर कुंकू वाहते आणि 'काय चुकले ते सांग आई' म्हणून विनवते. मग देवी सांगते. नवरा दारू पितो ते सांगते, माहेरी पाठवत नाहीत ते सांगते, मुलगी झाली म्हणून बोलतात तेही सांगते. घटकाभराने वारे उतरते आणि सून पुन्हा भाकरी थापावयास बसते. या बाईला तीव्र मनोविकारावरचे औषध सुरू केले तर तिच्यावर अन्याय होईल. तिला ढोंगी म्हटले तर त्याहून मोठा होईल. आणि हेही खरे, की शेजारच्याच ओवरीत अशी एखादी बाई बसलेली असते की बाळंत होऊन तीन आठवडे झाले आहेत, झोप नाही, मुलाला कोणी बदलले असे ती म्हणते, आणि तिला आज रात्रीच इस्पितळात नेले नाही तर आई आणि मूल दोघांच्याही जीवाला धोका आहे. पुजाऱ्याच्या लेखी दोघींनाही बाधाच झालेली असते. या दोघींना वेगळे काढणे ही विद्या आहे, आणि ती इस्पितळात बसून पुरती येत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मानसशास्त्रज्ञाच्या उमेदवारीचे काही महिने अशा स्थळी जावेत. कोणी अनुभवी गुरू बरोबर असावा. तेथे त्याने काय शिकावे? ऐकावे कसे हे तर शिकावेच. पण गप्प केव्हा बसू नये हेही शिकावे. ताईत काढून टाक, असे त्याने सांगू नये. पण फेफऱ्याची गोळी बंद कर असे भगताने सांगितले असेल, तर तेथे त्याने ठामपणे आडवे यावे. मुजावराशी त्याने बरोबरीच्या नात्याने वागावे, त्याचे उत्पन्न बुडवावयास आलो नाही हे त्याला पटू द्यावे. ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक वाटते. पण मुजावराला ती पटली नाही, तर रुग्ण त्या खोलीपर्यंत पोचणारच नाही. आणि सर्वांत अवघड म्हणजे, स्वतःच्या धर्मबुद्धीला किंवा धर्मविरोधालाही त्याने दाराबाहेर ठेवावे. धर्मसंस्थांनी चालवलेली रुग्णालये आपल्याकडे गरिबांची फार मोठी सेवा करीत आली आहेत. वेल्लोरच्याच महाविद्यालयाने शहरातील गरिबांसाठी अल्प खर्चात प्राथमिक उपचार देणारे केंद्र १९८२ पासून चालवले आहे, आणि चेन्नईत मैलापूरच्या रामकृष्ण मठाचा धर्मार्थ दवाखाना नामांकित आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचा धर्म कोणताही असो. मन कोसळलेल्या माणसापुढे त्याने तो बोलू नये. त्या अवस्थेत माणूस कशालाही होकार देतो.

मात्र रुग्णाची श्रद्धा त्याने वाऱ्यावर सोडावी असेही नाही. 'स्नेहा'च्या संस्थापिका डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी चेन्नईत केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्या केलेल्या शंभर व्यक्तींची तुलना त्याच वस्तीतील तितक्याच हयात व्यक्तींशी त्यांनी केली, तेव्हा ईश्वरावरील श्रद्धेचा अभाव हा धोक्याच्या कारणांत आढळला. यावरून कोणी नास्तिकाला घाबरवू नये. पण ज्याला देव आधार वाटतो, त्याचा तो आधार उपचाराच्या नावाखाली काढून घेणे शहाणपणाचे नाही, एवढे तरी त्यातून निघते.

अशा शिक्षणाचे बीज चेन्नईत पडलेलेही आहे. 'द बॅन्यन'ने शहराच्या दक्षिणेस कोवळम येथे आपले काम नेले. कोवळम हे समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव. तेथे चर्चही आहे आणि दर्गाही आहे. याच संस्थेच्या अकादमीने आमच्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सहकार्याने मानसिक आरोग्याचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवले. विद्यार्थ्यांना वर्ग आणि वस्ती ही दोन्ही पाहावयास मिळाली. गावातल्याच साध्या शिकलेल्या बायांना हाताशी धरून घरोघर विचारपूस करावयाची, पेन्शनचा अर्ज भरून द्यावयाचा, गोळ्या संपल्या की नाही ते पाहावयाचे, अशी त्यांची कामाची रीत. तिला 'नलम्' असे नाव आहे. तामिळमध्ये त्याचा अर्थ क्षेमकुशल. गरिबाच्या मनाच्या दुखण्यात रेशनकार्ड आणि थकलेले भाडे यांचा वाटा किती असतो हे अशा घरोघरच्या फेऱ्यांतच कळते.

आणि मराठी माणसाने तरी या कल्पनेला नवी मानू नये. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली होती. सरफोजी राजांनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचे वर्णन आहे. यात्रेकरूला, मग तो ब्राह्मण असो वा परया, अन्न मिळे. वाटेत आजारी पडला तर बरा होईपर्यंत औषधपाणी मिळे, आणि त्यासाठी छत्रात वैद्य नेमलेले असत. यात्रा थांबवून त्यांनी लोकांना तंजावरच्या वैद्यशाळेकडे पिटाळले नाही. वैद्यच वाटेवर नेऊन बसवला. एर्वाडी ज्या रामनाथपुरम जिल्ह्यात आहे, रामेश्वरही त्याच जिल्ह्यात आहे.

आता माझ्या व्यवसायातील एक गोष्ट सांगतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, आणि आरंभीच्या मोजक्या जिल्ह्यांत तिरुचिरापल्ली होते, म्हणजे गुणशीलमचाच जिल्हा. या कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञाचे पद आहे. पद आहे, पण त्याची खुर्ची जिल्हा रुग्णालयात आहे, आणि कचेरीची वेळ सकाळी दहा ते पाच. दर्ग्यात गर्दी होते ती गुरुवारी रात्री. देवळात होते ती मंगळवारी, शुक्रवारी, आणि अमावास्येला, मग ती रविवारी का येईना. पहाटेच्या काकड्याला जी माणसे ओवरीत असतात त्यांतली निम्मी अकरा वाजेपर्यंत पांगलेली असतात. तेव्हा उद्या एखाद्या जिल्ह्याने असे ठरवले, की आमचा मानसशास्त्रज्ञ दर गुरुवारी रात्री दर्ग्याच्या दारात बसेल आणि त्याच्याबरोबर दोन उमेदवार शिकावयास बसतील, तर मुजावरांची हरकत येण्यापूर्वी हिशेबखात्याची येईल: रात्रपाळी कोणत्या नियमाखाली, बदली रजा द्यावयाची की नाही, आणि उमेदवारांचा प्रवासखर्च आरोग्याच्या लेखाशीर्षाखाली टाकावयाचा की शिक्षणाच्या. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येण्याजोगी आहेत. ती तयार ठेवणे हे आमच्यासारख्यांचे काम आहे.